खुब्याचा सांधा बदलायचाय? सही करायच्या आधी कोटेशनवरचे शब्द वाचायला शिका

डॉक्टर ‘टोटल हिप करावं लागेल’ म्हणाले की घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा असतो ‘सगळ्यात चांगला कुठला?’ आणि मग हातात एक कागद येतो ज्यावर तीन-चार पर्याय लिहिलेले असतात, मेटल ऑन पॉली, सिरॅमिक ऑन पॉली, सिरॅमिक ऑन सिरॅमिक, अनसिमेंटेड, ३६ हेड, ड्युअल मोबिलिटी, आणि शेवटी घरातला कोणीतरी म्हणतो की सगळ्यात महाग तोच घेऊ, आईच्या बाबतीत कंजूषपणा नको. भावना बरोबर आहे, पण सांध्याच्या बाबतीत हा हिशोब चुकतो. मी मेकॅनिकलचा माणूस, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या पार्ट्सचं काम करतो, डॉक्टर नाही. पण आत्याच्या ऑपरेशनच्या वेळी ह्या विषयात शिरलो आणि मग सुटलोच नाही, आता ओळखीतले लोक कोटेशनचा फोटो पाठवून विचारतात की दादा ह्यातलं कुठलं घ्यायचं. तर एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

मुळात हे डोक्यात बसवा की सगळ्यांसाठी सगळ्यात चांगला असा एक सांधा नाहीच. झीज कमी केली की कुठेतरी ठिसूळपणा येतो, बॉल मोठा केला की लायनर पातळ होतं, पकड घट्ट केली की हाडावर ताण येतो. कोणाला काय सोडलेलं परवडेल हे वय, हाड आणि बसायची-उठायची सवय बघून ठरतं.

आधी चार पार्ट ओळखा

कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो तो कप, म्हणजे शेल. त्याच्या आत जी वाटी असते ती लायनर. लायनरमध्ये फिरतो तो बॉल, त्याला हेड म्हणतात. आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत उतरतो तो दांडा म्हणजे स्टेम. कोटेशनवर जी जोडी लिहिलेली असते ती हेड आणि लायनरची, पहिला शब्द बॉलचा, दुसरा लायनरचा. ‘सिरॅमिक ऑन पॉली’ म्हणजे सिरॅमिकचा बॉल, प्लास्टिकचं लायनर. एवढं कळलं की अर्धा कागद वाचता येतो.

घासणारी जोडी, इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

चालताना खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट जोर येतो. म्हणजे ६० किलोच्या बाईच्या सांध्यावर पावलागणिक १५० ते १८० किलो, आणि अडखळलं तर आठ पटीच्या आसपाससुद्धा मोजलेला आहे. लॅबमध्ये सांधे टेस्ट करताना १० लाख पावलं म्हणजे साधारण एक वर्ष धरतात. एवढं घासल्यावर झीज होणारच, प्रश्न एवढाच की किती आणि त्या भुकटीचं पुढे काय.

लूमवर बुश झिजला तर भुकटी खाली पडते, आपण झाडून काढतो आणि बुश बदलतो. शरीरात ती भुकटी पडायला जागाच नाही, ती सांध्याच्या आजूबाजूलाच राहते. प्लास्टिकचे ते कण मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात, आपल्या सफाईच्या पेशी ते गिळतात, पचवता येत नाहीत म्हणून त्या पेशी सतत चिडलेल्या राहतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात. इम्प्लांटभोवतीचं हाड हळूहळू नाहीसं होतं आणि चांगला बसलेला कप किंवा स्टेम सैल पडतो. दुखत नाही बऱ्याचदा, एक्सरेतच दिसतं.

म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकावर ‘बायोकॉम्पॅटिबल’ छापलेलं दिसलं की लगेच समाधान मानू नका. अखंड तुकडा शरीराला चालतो, पण त्याचीच भुकटी चालेल असं नाही. टिकाऊ आहे का आणि शरीराला चालतो का, हे दोन वेगळे प्रश्न वाटतात पण खुब्यात ते एकच होऊन बसतात, कारण जितकी झीज जास्त तितकं शरीर बिथरतं.

ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण सर जॉन चार्नली, इंग्लंडमधले सर्जन, आजच्या सांध्याचा पाया त्यांनी घातला. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन घेतलं, कारण घर्षण सगळ्यात कमी आणि शरीराला चालणारं म्हणून नाव होतं. पेशंट आनंदाने चालायला लागले. पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून बॉल आत घुसायला लागला आणि भुकटीने आजूबाजूचा भाग सुजला. म्हणजे घर्षण कमी असलं की झीजही कमी असते हे खरं नाही, दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या धंद्यातल्या लोकांनासुद्धा हे पटकन पटत नाही. त्या माणसाने हे नक्की करायला टेफ्लॉन आणि पॉलिथिन दोन्ही स्वतःच्या मांडीत घालून बघितलं. मग १९६२ मध्ये ते पॉलिथिनवर आले, घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्त पण झीज कितीतरी कमी. आजही जगभर लायनर बहुतेक त्याच घराण्यातलं असतं.

जुन्या पॉलिथिनमध्ये बॉल वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर आत जायचा. १९९० च्या दशकाच्या शेवटी क्रॉसलिंक्ड पॉलिथिन आलं, प्लास्टिकवर रेडिएशन मारून त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंतवतात. बहुतेक अभ्यासांत ह्याची झीज ०.०५ च्या बरीच खाली राहिली. मग सोडावं काय लागलं? रेडिएशनने चिवटपणा कमी होतो, पातळ कडा तडकू शकते, शिवाय आत फ्री रॅडिकल, म्हणजे साखळ्यांची तुटकी मोकळी टोकं उरतात जी वर्षानुवर्षं ऑक्सिजनशी जुळून प्लास्टिक खराब करतात. ते घालवायला प्लास्टिक वितळवलं तर ताकद अजून उतरते, आणि वितळायच्या आतच तापवून थांबलं तर ताकद राहते पण थोडे रॅडिकलही राहतात. ह्यातून वाट काढायला व्हिटॅमिन ई मिसळलेलं लायनर आलं. ते चांगलंच आहे, पण साध्या क्रॉसलिंक्डचा रेकॉर्ड त्याच्याहून लांबचा आहे, तेव्हा फक्त व्हिटॅमिन ई नाही म्हणून एखादा पर्याय नाकारू नका. मात्र लायनर क्रॉसलिंक्ड आहे का हे विचाराच, कागदावर नुसतं ‘पॉली’ लिहिलेलं असतं आणि त्यावरून काहीच कळत नाही.

आता बॉल. कोबाल्ट क्रोम ह्या मिश्रधातूचा की सिरॅमिकचा? सिरॅमिकवर ओरखडे पडत नाहीत, पृष्ठभाग ओला राहतो, बॉलमधून कोबाल्ट-क्रोमियम शरीरात सुटायचा प्रश्न येत नाही. पण सिरॅमिक ठिसूळ, धातू वाकेल तिथे हे फुटतं. आताचं सिरॅमिक अ‍ॅल्युमिनात झिर्कोनिया मिसळून केलेलं असतं, गुलाबी रंगाचा बॉल बघितला असेल, आणि ते जुन्यापेक्षा खूप चिवट आहे, फुटणं अगदी क्वचित. पण सिरॅमिकमध्ये बनवायची पद्धत किती नाजूक असते ते बघा, नुसत्या झिर्कोनियाच्या बॉलची भट्टी बदलली आणि त्या बॅचचे बॉल पेशंटच्या शरीरात फुटायला लागले, २००१ मध्ये ते परत मागवावे लागले. डिझाइन तेच, मटेरियल तेच, फक्त भट्टी वेगळी.

सिरॅमिक ऑन सिरॅमिकमध्ये झीज सगळ्यात कमी. ते महाग आहे म्हणून लोकांना तेच सगळ्यात भारी वाटतं. पण कप थोडा तिरका बसला तर काठावर घासतं, काहींच्या सांध्यातून चालताना आवाज येतो, आणि जर फुटलंच तर तुकडे सगळे निघत नाहीत, मग दुसऱ्या वेळी धातूचा बॉल घालता येत नाही कारण उरलेले कण तो धातू खरवडून टाकतात. माझं स्पष्ट मत, साठी-पासष्टीच्या पुढे चांगल्या क्रॉसलिंक्ड लायनरवर धातूचा किंवा सिरॅमिकचा बॉल पुरतो, आणि तरुण पेशंटला सिरॅमिक ऑन क्रॉसलिंक्ड पॉली. आपल्याकडे एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड मरणं) झालेली तिशी-चाळिशीतली पोरं बरीच दिसतात, स्टेरॉइडमुळे, दारूमुळे, त्यांना हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. सिरॅमिक ऑन सिरॅमिक तिथेच घ्या जिथे सर्जन ते नेहमी बसवतात.

मोठ्या बॉलचं मेटल ऑन मेटल कोणी सुचवलं तर सरळ दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा असाच सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला, आपल्याकडेही केंद्र सरकारला त्यावर तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. त्यातलं डिझाइन समजून घेण्यासारखं आहे. कप उथळ ठेवला होता, म्हणजे हालचाल जास्त मिळेल. पण उथळ कप जरा जास्त उभा बसला की सगळा भार काठावर येतो, मधली द्रवाची पातळ फिल्म तुटते आणि धातूवर धातू घासतो. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात जातं, सांध्याभोवती गाठी होतात, स्नायू मरतात.

बॉलची साइज

३६ चा बॉल म्हणजे २८ पेक्षा भारी, असं सांगतात. अर्धं खरं आहे. मोठा बॉल निखळायला जास्त लांब सरकावा लागतो म्हणून सांधा निसटायचा धोका कमी. पण चार्नलींनी मुद्दाम २२.२२५ मिलिमीटरचा छोटा बॉल ठेवला होता, कारण बॉल छोटा तितका घर्षणाचा पीळ कमी. शिवाय तेवढंच खोल घासलं तरी मोठ्या बॉलखाली लायनरची भुकटी जास्त निघते. २८ वरून ३६ ला गेलात तर भुकटी दीडपटीपेक्षा जास्त, वर्गाचा हिशोब आहे, करून बघा. क्रॉसलिंक्डमुळे आता मोठा बॉल परवडतो, पण जागा लागते ना. आपल्याकडच्या बारीक चणीच्या बायकांना कप बऱ्याचदा ४४ ते ४८ चाच बसतो. समजा ४६ चा कप, धातूचं शेल साडेतीन मिलिमीटर जाड, आत उरले ३९. त्यात २८ चा बॉल घातला तर लायनर साडेपाच मिलिमीटर, ३२ चा घातला तर साडेतीन, आणि ३६ चा घातला तर दीड, म्हणजे शक्यच नाही. त्यामुळे शेजारच्या मामांना ३६ बसवला आणि आमच्या आईला २८ च का, असं भांडत बसू नका, कपची साइज विचारा आणि स्वतः वजाबाकी करा.

मोठ्या बॉलचा अजून एक त्रास असा की बॉल स्टेमच्या मानेवर निमुळत्या टोकाने ठोकून बसवलेला असतो, बॉल मोठा तितका त्या जोडावर पीळ जास्त आणि तिथे बारीक हालचालीने गंज धरू शकतो. सिरॅमिकच्या बॉलला हा त्रास कमी.

सिमेंट की बिना सिमेंट

‘अनसिमेंटेड म्हणजे नवीन, सिमेंट म्हणजे जुनं’ असं लोक बोलायलेत, ते डोक्यातून काढा. बोन सिमेंट म्हणजे अ‍ॅक्रिलिक, ते चिकटवत नाही, फटी भरून स्टेमला पक्कं धरतं. अनसिमेंटेडमध्ये स्टेमचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो, हाड त्यात वाढून धरतं. पण त्यासाठी स्टेम सुरुवातीला गच्च ठोकावा लागतो. हालचाल ५० मायक्रॉनच्या आत राहिली तर हाड धरतं, १५० च्या पुढे गेली तर हाडाऐवजी मऊ जाळी तयार होते आणि स्टेम कधीच घट्ट होत नाही. आता सत्तरीच्या आजीचं हाड पातळ असेल तर गच्च ठोकताना किंवा नंतर पडल्यावर ते तडकायची भीती जास्त, तिथे सिमेंटचा स्टेम जास्त सुरक्षित. हाड मजबूत आणि वय कमी असेल तर अनसिमेंटेड. सिमेंट घालताना क्वचित बीपी एकदम पडतं, म्हणून हृदयाचा त्रास असेल तर भूलतज्ज्ञांशी आधीच बोला.

स्टेमचं मटेरियलही ह्याच्याशी बांधलेलं आहे. हाडाचा ताठपणा साधारण १५ ते २० गीगापास्कल, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११०, कोबाल्ट क्रोमचा २०० च्या वर. स्टेम जास्त ताठ असला की भार तोच घेतो, वरच्या हाडाला काम राहत नाही आणि ते विरळ होत जातं. म्हणून अनसिमेंटेडला बहुधा टायटॅनियम. मग अजून मऊ का नको? १९७० च्या दशकात हाडाइतका लवचिक प्लास्टिकचा स्टेम करून बघितला, पण तो इतका हलायचा की हाडाने धरलंच नाही, सैल पडले. टायटॅनियम बॉलसाठी मात्र चालत नाही, घासलं की पटकन ओरखडे पडतात आणि काळी भुकटी सुटते.

पृष्ठभागाचाही एक किस्सा आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात निघालेला सिमेंटेड स्टेम १९७० ला आरशासारखा गुळगुळीत होता. १९७६ ला त्याला मॅट फिनिश दिलं, खरबरीत म्हणजे सिमेंट जास्त धरेल ह्या हिशोबाने. उलट झालं, सैल पडण्याचं प्रमाण वाढलं, कारण गुळगुळीत स्टेम सिमेंटमध्ये केसभर खाली बसून आपोआप आवळला जायचा आणि खरबरीत स्टेम हलला की सिमेंट खरवडायचा. १९८० च्या दशकात परत गुळगुळीत आणला. म्हणून ‘ह्यावर्षीचं नवीन मॉडेल’ असं कोणी सांगितलं की मी पहिलं विचारतो, दहा वर्षांचा रेकॉर्ड कुठाय?

जमिनीवर बसायचं काय

हा प्रश्न परदेशातल्या माहितीत मिळत नाही आणि आपल्याकडे तोच सगळ्यात मोठा आहे. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका दिवसभर जमिनीवर बसतात, पंगतीला खाली बसायचं, पूजेला खाली, जुन्या घरात भारतीय संडास. पेशंट डॉक्टरांना विचारतो ‘चालता येईल का?’ आणि डॉक्टर हो म्हणतात, दोघंही बरोबर, पण बसायचं बोलणं राहूनच जातं. आषाढीला पंढरपूरला जायचंय म्हणणाऱ्यांचंही तेच, सांधा बरा झाल्यावर चालणं सहसा अडत नाही, दिंडीत मुक्कामाला जमिनीवरून उठणं-बसणं अडतं.

होतं काय की पाय खूप दुमडला की स्टेमची मान कपच्या काठाला टेकते आणि बॉल बाहेर उचलला जातो. मागच्या बाजूने ऑपरेशन केलेलं असेल तर पाय दुमडून गुडघा आत वळणं सगळ्यात धोक्याचं. मांडी घालताना गुडघा बाहेर जातो म्हणून तो प्रकार जरा वेगळा, पण खाली बसता-उठताना गुडघा आत पडतो तिथेच घोटाळा होतो. त्यामुळे ‘मांडी घालू का’ एवढंच न विचारता ‘जमिनीवरून उठू कसं’ हे फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या. निसटायचा धोका जास्त असेल तर ड्युअल मोबिलिटी हा पर्याय आहे, फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात निघाला, त्यात छोटा बॉल मोठ्या प्लास्टिकच्या बॉलमध्ये आणि तो मोठा बॉल कपमध्ये फिरतो. हालचाल भरपूर, निसटणं कमी, पण घासणाऱ्या जागा दोन झाल्या आणि क्वचित आतला बॉल प्लास्टिकमधून सुटतो. तरुण माणसाला उगाच घेऊ नये असं मला वाटतं. आणि कपचा कोन साधारण ४० अंश कलता, १५ अंश पुढे, दोन्हीकडे दहा अंशांची सूट, हे सर्जनच्या हातात असतं, कुठलाही महागडा सांधा वाकड्या कपला वाचवत नाही.

डॉक्टरांना काय विचारायचं

लाजू नका, कागदावर लिहून घेऊन जा. लायनर क्रॉसलिंक्ड आहे का, बॉल आणि कप कुठल्या साइजचे असतील, स्टेम सिमेंटेड का अनसिमेंटेड आणि आमच्याच पेशंटला तोच का, हे मॉडेल तुम्ही किती वर्षं बसवताय, आणि त्याचा दहा वर्षांपेक्षा जास्त रेकॉर्ड कुठल्या रजिस्ट्रीत आहे का. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, स्वीडन हे देश प्रत्येक सांध्याची नोंद ठेवतात, मॉडेलच्या नावाने शोधलं की सापडतं. ‘किती वर्षं टिकेल’ ह्याचं उत्तर एका आकड्यात मागू नका. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात साधारण ५८ टक्के सांधे २५ वर्षं टिकलेले दिसले, पण ते सांधे जुन्या प्लास्टिकच्या काळातले. वयही बघा, सत्तरीनंतर सांधा बसवला तर आयुष्यात परत बदलायची वेळ सुमारे ५ टक्के लोकांवर येते, पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ते कितीतरी पटीने जास्त असतं. म्हणून तरुणाच्या बाबतीत ‘पुढच्या ऑपरेशनला हाड किती शिल्लक राहील’ हेही विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत करणार असाल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा, योजनेत कुठला इम्प्लांट बसतोय हे नावासकट विचारा. शुगर आटोक्यात आणा, दात किडलेले असतील तर आधी दाखवा, इन्फेक्शन झालं तर वरचं सगळं ज्ञान वाया जातं.

ऑपरेशन झाल्यावर केसपेपरवर इम्प्लांटचे स्टिकर लावलेले असतात, कप, लायनर, हेड, स्टेम, प्रत्येकाचा वेगळा, त्यावर साइज आणि लॉट नंबर असतो. त्याचा फोटो काढा, डिस्चार्जच्या फाइलला झेरॉक्स लावा आणि घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलवर ठेवा. वीस वर्षांनी नुसतं लायनर बदलायची वेळ आली आणि मॉडेल माहीत नसेल तर सर्जनला जुळणारं लायनर मागवता येत नाही, मग घट्ट बसलेला कपसुद्धा काढावा लागू शकतो. दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील त्या वर्षी एक्सरे काढा, हाड खाल्लं जात असेल तर ते आधी तिथेच दिसेल. आणि घरात कोणाला २०१० च्या आधी मेटल ऑन मेटल बसवलेलं असेल तर स्टिकर शोधा आणि रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासून घ्या, ब्रिटनच्या नियामक संस्थेने लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही पातळी धरली होती, त्याच्या वर आलं तर त्रास नसला तरी ऑर्थोपेडिककडे जा, आणि खाली आलं पण जांघेत दुखतंय किंवा सूज आहे तरीही जा.